पाणवठ्यावर आधी कोण

दाराशी पोचून दहा मिनिटं झाली तरी आत कुणी जाईना. चौकीचा दरवाजा सताड उघडा, आत समोवारात चहाचं पाणी खदखदतंय, बाहेर वाळवंटाचं ऊन टाळू भाजतंय, आणि उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना दोन पुरुष छातीवर हात ठेवून कमरेत वाकलेले.

"आधी तुम्ही," होशंग म्हणाला.

"काहीतरीच काय, आगा! पाहुणे तुम्ही. तुमची पायधूळ आधी आत जाऊ दे," अभयारण्याचा रक्षक म्हणाला.

"अहो, घर तुमचं. मी आधी शिरलो तर माझा बाप कबरीत कूस बदलेल."

"आणि मी आधी शिरलो तर माझा उठून बसेल."

या दोघांच्या मागे इफ्फत खानुम दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी होती. पहाटे दामगानहून निघालेली, शेवटचे चार तास जीपमध्ये, आणि त्या रस्त्याला रस्ता म्हणणाऱ्याची जीभ झडावी असा तो रस्ता. हाडन् हाड खिळखिळं झालं होतं. चौतीस वर्षं ती या नवऱ्याच्या मागे अशीच दारोदार उभी राहत आली होती. एकदा का बापांच्या कबरी निघाल्या की अजून पाच मिनिटं तरी सुटका नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. तिने पिशव्या पुढे केल्या, "सरका!" म्हणाली आणि दोघांच्या मधून आत घुसून थेट गालिच्यावर बसली.

आता होशंग काही वाईट माणूस नव्हे. पोस्टातून निवृत्त झालेला, मुंगीच्याही वाटेला न जाणारा देवमाणूस. पण त्याच्या तआरुफने, म्हणजे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही'च्या आमच्याकडच्या शिष्टाचाराने, इफ्फतच्या नाकी नऊ आणले होते. बसमध्ये खिडकीची जागा दुसऱ्याला. भाताच्या तळाची ती खरपूस खरवड, जिच्यासाठी आमच्याकडे सख्खे भाऊ भांडतात, ती शेजाऱ्याच्या ताटात. एकदा तिचा दीर बहराम आला आणि "दादा, खालचा मजला झकास बांधलात," एवढंच म्हणाला. होशंग म्हणाला, "तुझाच समज." असं म्हणायचं असतं. त्यावर समोरच्याने "छे, तुम्हालाच लखलाभ" म्हणायचं असतं. बहराम नेमका तेवढं विसरला आणि बायकापोरांसकट अकरा महिने राहून गेला.

या माणसाला अभयारण्यात आणायला इफ्फतने चौदा महिने तेहरानला पत्रं पाठवली होती. एक रात्र मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत पाणवठ्याजवळच्या आडोशात बसायची परवानगी मिळाली होती. तिला चित्ता बघायचा होता. आता हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच उरलेत म्हणतात.

"पुन्हा एकदा बघायचाय," असं ती सगळ्यांना सांगत होती. खरी गोची त्या 'पुन्हा'मध्ये होती.

झालं होतं असं की वयाच्या तेविसाव्या वर्षी तिला वाळवंटाच्या काठावरच्या एका शाळेत मास्तरीण म्हणून पहिली नोकरी लागली. पहिलाच आठवडा. पाचवीतली पोरं बाई किती पाण्यात आहेत ते बघत होती. पुस्तकात चित्त्याचं चित्र आलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "खानुम, तुम्ही पाहिलाय का कधी?" सगळा वर्ग फिदीफिदी हसायच्या बेतात होता. इफ्फत म्हणाली, "हो." वर्ग चिडीचूप झाला.

आता "हो" म्हटल्यावर पुढचं सांगावंच लागतं. मग तिची बस वळणावर बंद पडली. रस्त्याच्या मधोमध चित्ता बसला होता. त्याने अशी डरकाळी फोडली की बसचालक बेशुद्ध पडला. पण खानुम खाली उतरली, तिने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला, आणि चित्त्याने मान खाली घालून वाट सोडली. लोणकढी थाप! पण पोरं दुसऱ्या दिवसापासून तिच्यासमोर हात बांधून बसायला लागली, आणि ही थाप तिने पुढची तीस वर्षं दर जूनला नव्या वर्गाला — नाही, आमच्याकडे शाळा मेहेर महिन्यात सुरू होतात — दर मेहेर महिन्यात नव्या वर्गाला तशीच सांगितली.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण ती गोष्ट पालकांकडून पोस्टात पोचली. पोस्टात तेव्हा होशंग नावाचा एक लाजाळू कारकून तिकिटं विकत असे. चित्त्याच्या नजरेला नजर देणारी बाई! त्याने महिन्याभरात आईला मागणी घालायला पाठवलं. लग्न झालं, आणि होशंग ती गोष्ट तिच्यापेक्षाही रंगवून सांगायला लागला. खरं सांगायला तोंड उघडावं तर हा कुणाच्या तरी साखरपुड्यात बसचालकाची नक्कल करत गालिच्यावर आडवा पडलेला. सांगणार कसं?

म्हणून इफ्फतने ठरवलं होतं की मरायच्या आधी एकदा चित्ता बघायचाच. एकदा दिसला की थाप ही थाप राहणार नाही, फक्त तारखेची चूक राहील. तारखा काय, कुणाच्याही चुकतात.

बाहेरचे दोघे एकदाचे आत आले. म्हणजे खांद्याला खांदा लावून एकाच वेळी आले आणि चौकटीत क्षणभर अडकले. रक्षक चहा ओतायला वळला, इफ्फतकडे त्याची नजर गेली, आणि चहा बशीत सांडला.

"खानुम सरमदी?" तो म्हणाला. "खानुम, मी यदुल्ला! खिडकीजवळचा तिसरा बाक. भागाकार यायचा नाही!"

पंचेचाळिशीचा उन्हाने रापलेला बाप्या, मिशीत पांढरे केस, आणि उभा मात्र वर्गात उभा राहावा तसा. इफ्फतला भागाकार आठवला, मग कान आठवले, मग सगळंच आठवलं. तिला भरून आलं. "अरे गाढवा, केवढा झालास! तू इथे कसा?"

"तुमच्यामुळेच, खानुम," यदुल्ला म्हणाला. "तुमची ती चित्त्याची गोष्ट ऐकली त्याच दिवशी ठरवलं होतं, जायचं तर इथेच. एकोणीस वर्षं झाली."

एका थापेवर एक लग्न झालं होतं ते इफ्फतला माहीत होतं. एका माणसाचं अख्खं आयुष्य या उजाड माळावर येऊन पडलंय हे तिला आत्ताच कळत होतं.

"म्हणजे तू पुष्कळ बघितले असशील," ती कशीबशी म्हणाली.

यदुल्लाने मान खाली घातली. "ठसे पाहिलेत. विष्ठा पाहिलीय. झुडपाला अडकलेले केस पाहिलेत, ते डबीत ठेवलेत. कॅमेऱ्यात फोटो सापडतात. पण या डोळ्यांनी... नशीब लागतं, खानुम, तुमच्यासारखं. आता तर महिनाअखेर माझी शहरात बदली. मुलींची शाळा आहे, बायको म्हणते, पुरे झाली वाळू."

"अहो, मग तुम्ही ती गोष्ट पुन्हा ऐकलीच पाहिजे!" होशंगला स्फुरण चढलं. इफ्फतने त्याला कोपर मारलं. त्याला वाटलं, ती लाजतेय. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. डरकाळी त्याने अशी फोडली की बाहेर बांधलेलं गाढव ओरडायला लागलं. मग तो चालक होऊन गालिच्यावर पडला. यदुल्ला गुडघे दुमडून, नजर खाली ठेवून ऐकत होता. शेवटी "वाहवा" म्हणाला आणि सगळ्यांसाठी आबगुश्त, मटणाचा पातळ रस्सा, वाढायला उठला. जेवणात मटणाचा मोठा तुकडा तीन ताटांमधून फिरत राहिला आणि शेवटी गार होऊन पातेल्यात परत गेला.

इफ्फतला झोप लागली नाही. तिच्या डोक्यात एकच. पोरगा तिच्या शब्दावर एकोणीस वर्षं इथे बसलाय. उद्या चित्ता आला तर बघायचा मान त्याचा. पण मलाही बघायचाय हो! मेहेरबानी म्हणून नव्हे, मला बघायचाच आहे!

आडोसा म्हणजे दगडाची बुटकी खोली. आत उभं राहता येत नाही, तिघं मांडी घालून बसले की गुडघ्याला गुडघे लागतात. मागच्या बाजूला गोणपाटाचं दार. पुढच्या भिंतीत बघायला एकच भोक, साधारण आडव्या विटेएवढं. दुसरंही होतं, पण त्यातून साप आत यायला लागले म्हणून यदुल्लाने ते मागच्या वर्षी लिंपून टाकलं होतं. भोकातून वीस पावलांवर सिमेंटचा लांबट हौद दिसे. त्याच्याभोवतीची वाळू यदुल्लाने पहाटेच झाडाच्या फांदीने झाडून गुळगुळीत केली होती. रात्रंदिवस कोण बसणार? सकाळी झाडायचं, नंतर येऊन कोण आलं गेलं ते वाळूवर वाचायचं, हा त्याचा रोजचा धंदा.

"हे बघा," आत बसताबसता इफ्फत मास्तरणीच्या आवाजात कुजबुजली, "इथे तआरुफ चालणार नाही. प्रत्येकाने वीस मिनिटं भोकाशी बसायचं. पहिला यदुल्ला, मग मी, मग होशंग. कळलं?"

"कळलं, खानुम," यदुल्ला म्हणाला. "पण पहिल्या तुम्ही."

"मी काय सांगितलं आत्ता?"

"माझी काय बिशाद तुम्हाला अडवायची! पण विद्यार्थी पुढे आणि बाई मागे, हे नाही जमायचं. गावाकडे कळलं तर माझी आई मला दारात उभं करणार नाही."

"तू रक्षक आहेस. महिनाअखेर चाललास. तू बघ."

"तुम्ही चौदा महिने पत्रं पाठवलीत. तुम्ही बघा."

"आमच्या हिने पूर्वी पाहिलाय," होशंग मध्ये पडला. "तेव्हा तुम्हीच बघा, यदुल्ला-जान. हिची काही हरकत नाही."

इफ्फतला त्याचा गळा धरावासा वाटला. पण बोलणार काय? पाहिलेल्या बाईने न पाहिलेल्या माणसाचा हक्क कसा मारायचा? "हो ना," ती दातओठ खात म्हणाली, "मी काय, पाहिलाय. तूच बघ."

"मग आगा होशंगनी बघावं. त्यांनीही पाहिलेला नाही."

"मी? छे हो! मला कुठे एवढी हौस! मी आपला हिच्याबरोबर आलो."

अशी गाडी सुरू झाली. यदुल्ला दोन मिनिटं भोकाशी बसला की त्याचा जीव वर-खाली. "नाही खानुम, पाठ तुमच्याकडे होतेय, बरं दिसत नाही," म्हणून तो सरके. इफ्फत बसली की तिला यदुल्लाची एकोणीस वर्षं मानगुटीवर बसल्यासारखी वाटत. होशंग तर भोकाकडे पाहायलाच तयार नाही. त्यात यदुल्लाने थर्मास काढला आणि दोनच पेले निघाले.

आता दोन पेले आणि तीन माणसं म्हणजे आमच्याकडे कुणीच चहा पीत नाही. एक पेला होशंगने यदुल्लाला दिला. यदुल्लाने तो इफ्फतला दिला. इफ्फतने होशंगला. होशंगने डोळ्यांना लावून परत यदुल्लापुढे ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ, घ्या." "तुमच्या गळ्याला काही होऊ नये, आगा, तुम्हीच घ्या." "अर्धा-अर्धा घेऊ." "अर्धा काय, सगळा तुमचाच." तिघंही एकमेकांकडे तोंड करून, पेल्यांवर वाकून, कुजबुजत भांडत होते. बाहेर ऊन पांढरं व्हायला लागलं होतं. किती वेळ गेला देव जाणे. चहावर साय आली असती, पण आम्ही चहात दूध घालत नाही.

शेवटी इफ्फतने कपाळाला हात लावला आणि दोन्ही पेले एका दमात स्वतःच पिऊन टाकले. "झालं? मिटलं? आता बघ तिकडे कुणीतरी!"

यदुल्ला भोकाकडे वळला आणि तसाच राहिला. त्याचे कान मागून लाल होताना दिसले.

"काय रे?"

"वाळू," तो म्हणाला.

इफ्फतने त्याला ढकलून डोळा लावला. गुळगुळीत वाळूवर ठशांची एक सरळ रांग हौदापर्यंत आली होती आणि दुसरी रांग डाव्या हाताच्या टेकाडाकडे गेली होती. हौदाच्या काठावर पाण्याचे थेंब पडले होते, ते अजून सुकलेसुद्धा नव्हते.

"चित्ता," यदुल्ला म्हणाला. "नखं उमटलीयत, बघा. मादी आहे. आली, सावकाश पाणी प्यायली आणि गेली. आत्ता. आपण चहा... आपण चहाचा..."

तो दगडी भिंतीला टेकला आणि त्याने टोपी तोंडावर ओढून घेतली. एकोणीस वर्षांत जे वीस पावलांवर आलं नव्हतं, ते आज आलं होतं आणि त्या वेळी तीन शहाणी माणसं त्याच्याकडे पाठ करून एकमेकांच्या गळ्याच्या शपथा घेत होती.

"जाऊ द्या हो," होशंग मऊ आवाजात म्हणाला. "निदान आमच्या हिने तरी पूर्वी पाहिलाय."

बस्स! इफ्फतच्या डोक्याचा ताबा सुटला.

"नाही पाहिला!" ती म्हणाली. कुजबुजायचं असतं हेही ती विसरली. "कधीच नाही पाहिला! ना बस बंद पडली, ना चित्ता आला. तेवीस वर्षांची होते मी, पोरं हसतील म्हणून थाप मारली. झालं समाधान? मला बघायचा होता! मला! आणि मी 'तूच बघ, तूच बघ' करत बसले. मी तुला म्हणते ना होशंग, पण मीही तसलीच! एक नंबरची ढोंगी!"

होशंगचं तोंड उघडं ते उघडंच.

"आणि तो चालक?" तो शेवटी म्हणाला. "बेशुद्ध पडलेला?"

"तोही मीच केलेला."

"अगं, पण मी दर नवरोजला त्याच्या तब्येतीसाठी दुवा मागतो!"

इफ्फतला रडू येत होतं आणि तरी हसू फुटलं, तिचाच तिला राग आला. तिने यदुल्लाकडे बघितलं. "आणि तुझं तर मी वाटोळं केलं, पोरा. माझ्या थापेवर तू इथे आलास. मला माफ कर."

यदुल्लाने टोपी वर केली. "मला माहीत होतं, खानुम."

"काय माहीत होतं?"

"नोकरीला लागलो तेव्हा साहेबांनी विचारलं, इथे का यायचंय? मी तुमची गोष्ट सांगितली. सगळी चौकी पोट धरधरून हसली. चित्ता डरकाळी फोडतच नाही, खानुम. त्याच्या गळ्यात ती सोयच नाही. पाखरासारखा चिवचिवतो."

"चिवचिवतो?" होशंग कळवळून म्हणाला. चौतीस वर्षांच्या डरकाळ्या त्याच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात.

"मग काल रात्री गप्प का बसलास?" इफ्फतने विचारलं. "वाहवा काय म्हणालास?"

"आगा इतकं मनापासून सांगत होते. मध्येच कसं बोलायचं?"

"आणि एकोणीस वर्षं राहिलास कशाला?"

"आधी वाटलं, खानुम खोटं कशाला बोलतील? ओरडतही असेल एखादा. तो सापडेपर्यंत थांबू." यदुल्लाने खांदे उडवले. "नंतर इथलंच आवडायला लागलं. वाटोळं बिटोळं काही नाही. फक्त एकदा दिसायला हवा होता."

तेवढ्यात बाहेर एक पाखरू बोललं. बारीक, उंच आवाज, टेकाडाच्या बाजूने. मग पुन्हा. यदुल्लाचा हात हवेत गेला तो तिथेच थांबला.

"ते पाखरू नाही," तो ओठ न हलवता म्हणाला. "ती आहे. पिल्लाला बोलावतेय. पिल्लू अजून प्यायचं राहिलंय. खानुम, बसा भोकाशी. आणि आता मी तआरुफ करत नाहीये, खरंच बसा."

इफ्फत "नको, तूच" म्हणाली नाही. गुडघे खरवडत ती पुढे सरकली आणि तिने भोकाला कपाळ लावलं. रिकामा हौद, वाळू, उजव्या हाताचं काटेरी झुडूप. आणि मग झुडपातून ते बाहेर आलं. लांब पायांचं, मानेवर विस्कटलेली करडी लव, डोळ्यांपासून तोंडापर्यंत ओघळलेल्या दोन काळ्या रेघा. चालताना मधेच थांबून बसलं, मागचा पाय वर करून कान खाजवला, पुन्हा निघालं. पुस्तकातलं चित्र किती चुकीचं होतं! ते हौदावर वाकलं आणि लपालपा पाणी प्यायला लागलं. तो आवाजसुद्धा ऐकू येत होता.

किती वेळ ती बघत राहिली? तिला विचाराल तर ती सांगेल, पुरेसा वेळ. सांगायला लाज नाही, तिला सरकायचं नव्हतं. मागे यदुल्लाचा श्वास ऐकू येत होता आणि तरी तिला सरकायचं नव्हतं. तिने मनात पाच आकडे मोजले, मग आणखी पाच मोजले, आणि मग हात मागे घालून यदुल्लाची कॉलर पकडली आणि त्याचं तोंड भोकाकडे खेचलं. स्वतः बाजूला झाली.

यदुल्लाने "नको" म्हटलं नाही. "तुम्ही" म्हटलं नाही. भोकाला चिकटला तो चिकटलाच. त्याच्या पाठीचे मणके वर-खाली होत होते. चाळिशी उलटलेला तो माणूस आवाज न करता रडत होता.

आणि तेव्हा होशंग बोलला.

"मलाही बघायचंय," तो म्हणाला.

इफ्फतने चमकून त्याच्याकडे पाहिलं. या माणसाने तिच्यासमोर आजवर स्वतःसाठी पाण्याचा पेला मागितला नव्हता. तो अंधारात गुडघ्यांवर बसला होता, हात छातीवर नव्हते, चेहरा लाल झाला होता.

"आता कुणाच्या सांगण्यावर माझा भरवसा नाही," होशंग म्हणाला. "तुझ्या नाही, याच्या नाही, कुणाच्याच नाही. मला स्वतः बघायचंय. सरका!"

यदुल्ला जरासा सरकला, पण पूर्ण नाही. भोक सोडायची त्याची तयारीच नव्हती. होशंगने खांदा घातला. इफ्फतलाही राहवेना, ती दुसऱ्या बाजूने घुसली. परक्या पुरुषाच्या गालाला बाईचा गाल लागणं शोभत नाही, पण मध्ये होशंग होता, त्यामुळे सगळं कसं रीतसर झालं. होशंगच्या डाव्या गालाला यदुल्लाचा ओला गाल, उजव्या गालाला इफ्फतचा. विटेएवढ्या भोकातून तिघंही एकेका डोळ्याने बघत होते. कुणाचं तरी कोपर कुणाच्या तरी बरगडीत रुतत होतं आणि कुणीही माफी मागत नव्हतं.

पिल्लाने मान वर केली. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. आडोशाकडे बघून ते एकदा चिवचिवलं. टेकाडावरून उत्तर आलं, तसं ते वळलं आणि वाळू उडवत धावत सुटलं. टेकाडाच्या कडेवर क्षणभर दोन शेपट्या दिसल्या आणि मग काहीच दिसलं नाही.

यदुल्ला मागे बसून बाहीने तोंड पुसायला लागला. इफ्फतने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. जीपवाला मागच्या बाजूने भोंगा वाजवायला लागला होता, नऊ वाजले होते. होशंग मात्र जागचा हलला नाही. दोन्ही गाल मोकळे झाले होते, सगळं भोक आता त्याचं एकट्याचं होतं, आणि समोर रिकाम्या हौदाशिवाय काही नव्हतं.

"होशंग, गेलं ते," इफ्फत म्हणाली. "चल, उठ. जीपवाला खोळंबलाय."

"खोळंबू दे," होशंग वळूनही न बघता म्हणाला. "मी बघतोय."

इफ्फत पुन्हा मांडी घालून खाली बसली.